दार न वाजवणारा पोलीस

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला राहणाऱ्या नावाहो या मूलनिवासी जमातीच्या वस्तीवर कुणाकडे गेलात, तर थेट दारापाशी जाऊन कडी वाजवायची नसते. गाडी जरा लांब लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसून राहायचं. घरातल्या माणसाला रस्त्यावरची धूळ दिसलेली असते, कुत्रं भुंकलेलं असतं. भेटायचं असेल तर तो दारात येऊन उभा राहतो. तोवर चार भांडी आवरायला, केस सारखे करायला, किंवा आज भेटायचंच नाही असं ठरवायलाही त्याला वेळ मिळतो. अमेरिकन रहस्यकथाकार टोनी हिलरमनच्या कादंबऱ्यांतला नावाहो पोलीस लेफ्टनंट जो लीपहॉर्न असा कितीदा तरी गाडीत बसून राहतो. खून झालेला असतो, एफबीआयची माणसं घड्याळ बघत असतात, आणि हा आपला समोरच्या कड्यावर सरकणारी सावली बघत बसलेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्याला वीसेक वर्षं झाली. फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हिलरमनचं 'अ थीफ ऑफ टाइम' सापडलं होतं, पाठ निखळलेलं, शेवटची पानं सुटी. ठाण्याच्या लोकलमध्ये वाचताना त्यातलं एक पान उडालं आणि मेथी निवडत बसलेल्या बाईंच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते झटकून, दोन काड्यांसकट परत दिलं. त्या पानावर बायको गेलेला एक उतारवयाचा पोलीस होता, ज्याला नोकरीतही राम वाटत नव्हता आणि घरीही जाववत नव्हतं. रहस्यकथेत असा माणूस भेटेल असं तोवर वाटलं नव्हतं. मग हिलरमनच्या लीपहॉर्न आणि त्याचा तरुण सहकारी जिम ची यांच्या अठराही कादंबऱ्या मिळतील तशा वाचल्या, काही दोनदा. पडद्यावर जे जे आलं तेही पाहिलं.

हे सगळं मनापासून आवडतं असं सांगताना अलीकडे मात्र जरा चाचरायला होतं. समाजशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. ती म्हणाली, "अगं, एका गोऱ्या माणसाने दुसऱ्याच्या देवाधर्माला खुनाची फोडणी दिली, आणि तू ठाण्यात बसून ती चवीने खातेस. पाड्यावर बसमधून उतरून फोटो काढणाऱ्यांत आणि तुझ्यात फरक काय?" प्रश्न जिव्हारी लागला, कारण तो खोटा नव्हता. उलट बाजूने घरातली मंडळी म्हणाली, गोष्ट आहे, गोष्टीसारखी वाच आणि ठेवून दे. तेही पटलं नाही. गोष्टीत गोष्टीपुरतंच काही नसतं. एरवी 'रेड इंडियन' हा शब्द आपल्या तोंडात इतका कसा रुळला असता? कातडीच्या रंगावरून एक शब्द आणि कोलंबसाच्या चुकीवरून दुसरा. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणतात, म्हणजे फक्त 'माणसं'.

तर मैत्रिणीला तेव्हा देता न आलेलं उत्तर इथे देते. कुणी लिहिलं या वादापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. काय सांगायचं राहू दिलं, आणि जे सांगितलं त्याची किंमत कुणी मोजली? या दोन गोष्टींवरून मी हिलरमनला बऱ्यापैकी गुण देते, पडद्याला थोडे कमी, आणि आपल्यासारख्या दूरच्या वाचक-प्रेक्षकांना सगळ्यात कमी.

आधी हिलरमन. तो नावाहो नव्हता. १९२५ साली ओक्लाहोमात जन्मला, शेजारीपाजारी पोटावाटोमी आणि सेमिनोल जमातींची कुटुंबं, आणि शिकला तोही जमातींच्या मुलींसाठी चालवलेल्या शाळेत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी होऊन परतला. १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या क्राउनपॉइंटजवळून ट्रक नेताना त्याने एक विधी पाहिला. युद्धावरून आलेल्या नावाहो सैनिकांना तिथल्या मरणाच्या विटाळातून मोकळं करून पुन्हा आपल्यात घेण्याचा तो विधी होता. हाही युद्धावरूनच आलेला, पण याच्या लोकांकडे याच्यासाठी तसं काही नव्हतं. पुढे पत्रकारी, मग विद्यापीठात पत्रकारितेची मास्तरकी, आणि १९७० मध्ये पहिली कादंबरी, 'द ब्लेसिंग वे'.

त्या पहिल्या कादंबरीची एक गंमत आहे. तिचा नायक मुळात लीपहॉर्न नाहीच. चेटकाच्या कथा गोळा करायला आलेला एक गोरा मानववंशशास्त्रज्ञ तिचा नायक आहे, आणि लीपहॉर्न कडेकडेने फिरणारा. एका एजंटने हिलरमनला सल्ला दिला होता की हे इंडियन प्रकरण काढून टाक. नंतर भेटलेल्या संपादिकेने उलट सांगितलं, त्या पोलिसाला वाढव. तो वाढला, आणि १९७३ च्या 'डान्स हॉल ऑफ द डेड'पासून मालिका त्याचीच झाली. त्या कादंबरीला एडगर पुरस्कारही मिळाला. वही-पेन्सिल घेऊन आलेला अभ्यासक मध्यभागातून उठला आणि तिथला माणूस तिथे बसला. लेखकाने हे ठरवून केलं की बाजाराने करवून घेतलं, मला माहिती असण्याचं कारण नाही. पण त्यानंतर गोरा संशोधक त्याच्या पुस्तकांत बहुतेक वेळा मडकी चोरणारा, हाडं उकरणारा किंवा पुरावा दडपणारा म्हणून येतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या कथानकांची. नावाहो नेशन, म्हणजे त्यांचं स्वतःचं सरकार असलेलं राखीव क्षेत्र, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर पसरलं आहे. अख्खा मराठवाडा त्यात बसवला तर वर सहा-साडेसहा हजार चौरस किलोमीटर उरतील. आणि पोलीस किती, तर दोनशेच्या आसपास. या कादंबऱ्यांत लोक इतकी गाडी का चालवतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. लीपहॉर्नच्या भिंतीवरचा तो प्रसिद्ध नकाशा आणि त्यात टोचलेल्या रंगीत टाचण्यांचंही.

त्यात कायद्याचा गुंता. १८८५ च्या कायद्याने राखीव क्षेत्रातले खुनासारखे मोठे गुन्हे केंद्राच्या अखत्यारीत गेले, म्हणजे तपास एफबीआयचा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जमातींच्या न्यायालयांना बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे एखाद्या गोऱ्याने तिथे येऊन नावाहो माणसाला मारलं, तर नावाहो पोलिसाने त्याला धरून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. २०१३ नंतर घरगुती हिंसेसारख्या काही गुन्ह्यांपुरती यात फट पडली आहे, बाकी चौकट तीच. त्यामुळे प्रेत सापडलं की आधी विचारायचं जमीन कुणाची, मेलेला कोण, संशयित कुठला. खुनी कोण ते मागाहून. रहस्यकथेला लागतो तो अडथळा हिलरमनला कल्पनेने उभारावा लागला नाही. सरकारने तो आधीच बांधून ठेवला होता.

'पीपल ऑफ डार्कनेस' १९८० ची. तिच्या मुळाशी युरेनियम आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १६ जुलै १९७९ ला, न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे युरेनियम गिरणीचा बांध फुटून किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं होतं. १९४४ ते १९८६ या काळात नावाहो जमिनीतून सुमारे ३ कोटी टन खनिज काढलं गेलं, आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच टाकून मालक निघून गेले. मैत्रिणीने मला विचारलं की तू यातून काय शिकलीस, तर मी खाणींचं नाव घेईन. बातमीत त्या मला कधी भेटल्या नव्हत्या.

पण खरं सांगायचं तर मी माहितीसाठी या कादंबऱ्यांकडे परत जात नाही. जाते ती जिम चीसाठी. ची तरुण आहे, विद्यापीठात शिकलेला, पोलिसात आहे आणि त्याच वेळी मामाकडे मंत्रगाणी शिकून 'हाताली', म्हणजे गाऊन बरं करणारा, व्हायचं म्हणतोय. त्याच्या मनात 'होझो' नावाची एक गोष्ट आहे. इंग्रजीत तिला सौंदर्य म्हणतात, समतोल म्हणतात, आणि दोन्ही अपुरं पडतं. मला आपल्या बोलण्यातलं 'घडी बसलेली असणं' जवळचं वाटतं. गुन्हा म्हणजे घडी विसकटणं. ती पुन्हा बसवायची, तर गुन्हेगाराला तुरुंगात टाकून ती बसते का?

'सेक्रेड क्लाउन्स'मध्ये (१९९३) हा प्रश्न उघडावाघडा येतो. दारू पिऊन गाडी चालवताना एका माणसाने पादचाऱ्याला उडवलेलं असतं आणि न थांबता निघून गेलेला असतो. ची त्याला हुडकून काढतो. तो सापडतो तेव्हा कळतं की जन्मापासूनच अधू असलेल्या नातवाला तो एकटा सांभाळतोय, त्याने दारू सोडली आहे, आणि मेलेल्याच्या घरच्यांना पैसे पाठवायला लागला आहे. पकडला तर बढती आहे. कायदाही तेच सांगतो. ची त्याला पकडत नाही. (ज्यांनी वाचली नसेल त्यांनी माफ करावं. इथला शेवट माहीत असूनही ती वाचता येते.) पोलिसाने असं वागावं का, यावर मी माझ्याच घरात तासभर भांडले आहे. आमच्याकडे वकील आहेत. ते म्हणतात, उद्या प्रत्येक हवालदार असा न्यायाधीश झाला तर? बरोबरच आहे त्यांचं. पण १९८२ पासून नावाहो न्यायव्यवस्थेत सलोखा घडवणारं वेगळं न्यायालय आहे, जिथे दोन्हीकडचे नातलग बसून बोलतात आणि किती वर्षं शिक्षा यापेक्षा कुणाचं काय तुटलं ते आधी बघतात. चीने जे चोरून केलं त्याला तिथे एक दार आहे. शेरलॉक होम्सच्या पठडीत वाढलेल्या माझ्या मेंदूला हा धक्का एका खिशातल्या कादंबरीने दिला. त्याला पर्यटन म्हणायला मी तयार नाही.

नावाहोंना हे कसं वाटलं? १९८७ मध्ये नावाहो जमातीने हिलरमनला 'दिनेंचा खास मित्र' म्हणून गौरवलं. त्यांच्या शाळांत ही पुस्तकं वाचली गेली. हिलरमन स्वतः एका नावाहो ग्रंथपाल बाईंची आठवण सांगत असे. त्यांचं म्हणणं असं की मूलनिवासी लेखकांची मोठी पुस्तकं वाचताना आपण दिसतो, सुंदर दिसतो, पण सारखं हरताना. तुमच्यात आपणच असतो, आणि जिंकतो. स्वतःच्या कौतुकाची आठवण लेखकाने स्वतः सांगितलेली, तेव्हा थोडं मीठ घालून घ्यावी. तरी मला ती खरी वाटते. खुनाची गोष्ट शेवटी सुटते, एवढं आश्वासन ज्यांच्या इतिहासात क्वचितच काही सुटलं त्यांना हवंसं वाटलं तर नवल नाही.

आता जिथे मला अडखळायला होतं तिथे येते. रहस्यकथेचा धर्मच मुळी सगळं उघड करण्याचा आहे. शेवटच्या प्रकरणात कपाटं उघडायची, नावं घ्यायची, कोण कुठे कधी ते मांडायचं. आणि नावाहोंच्या रीतीत कितीतरी गोष्टी न बोलण्याच्या आहेत. मेलेल्याचं नाव लगेच घ्यायचं नाही. तो ज्या घरात गेला ते घर सोडायचं. कोयोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या. आणि कातडं पांघरून जनावर होणाऱ्या चेटक्याबद्दल तर बोलायचंच नाही, कारण बोललं की त्याचं लक्ष जातं.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. कुडाळजवळच्या आमच्या घरी दिवेलागणीनंतर आजी सापाला साप म्हणू द्यायची नाही. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. एकदा मी मुद्दाम, शहाणपणा दाखवायला, तीन वेळा मोठ्याने 'साप साप साप' म्हटलं. तिने मला मारलं नाही. हातातलं सूप खाली ठेवलं आणि कंदील घेऊन घराच्या चारही बाजूंनी फिरून आली. मी बोलले होते, फेरी तिला मारावी लागली होती.

हिलरमनची १९८६ ची 'स्किनवॉकर्स' त्या न बोलायच्या गोष्टीचंच नाव शीर्षकात घेऊन आली. खपही मोठा झाला. पुस्तकाच्या आत तो बराच सांभाळून आहे. लीपहॉर्नचा चेटकावर विश्वास नाही, पण चेटकाची अफवा पसरली की माणसं मरतात यावर पूर्ण आहे, कारण एकदा त्याने ती अफवा हसण्यावारी नेली होती आणि प्रेतं पडली होती. म्हणजे चेटूक इथे भीतीचं माध्यम आहे, तमाशाचं नाही. पण शीर्षक ते शीर्षक. त्यानंतर तो शब्द जो सुटला तो सुटलाच. २०१६ मध्ये जादूच्या शाळेची गोष्ट लिहिणाऱ्या जगप्रसिद्ध ब्रिटिश लेखिकेने आपल्या कल्पित अमेरिकेत स्किनवॉकरना जागा दिली, तेव्हा मूलनिवासी वाचक संतापले. आज तो शब्द आपल्याकडच्या भयकथांच्या यूट्यूबवरही पोचला आहे. रात्री बारा वाजता घोगऱ्या आवाजात कुणीतरी सांगतोय, "दोस्तों, ये एक सच्ची घटना है." या माणसाला कंदील घेऊन कुठे फिरायचं नाही. मी म्हणते ती किंमत ही.

पडद्यावर हा हिशेब आणखी उघडा पडतो. तीनदा प्रयत्न झाले, तिन्ही वेळा निर्मात्यांत हॉलीवूडचा नट रॉबर्ट रेडफर्ड. १९९१ च्या 'द डार्क विंड'चा दिग्दर्शक एरल मॉरिस, माहितीपटांसाठी नावाजलेला. ची झाला होता फिलिपिन्समध्ये जन्मलेला लू डायमंड फिलिप्स. तो सिनेमा फारसा कुठे लागलाही नाही, आणि त्यावर जास्त शाई घालवण्यासारखं काही नाही. २००२ ते २००४ मध्ये पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीने तीन चित्रपट केले. त्यातले दोन शायान-अरापाहो दिग्दर्शक क्रिस एअरने केले, लीपहॉर्न चेरोकी नट वेस स्टुडीने. स्टुडीचा चेहरा हाच एक भूप्रदेश आहे, त्याला संवाद नसले तरी चालतं. मग २०२२ मध्ये एएमसी वाहिनीची 'डार्क विंड्स' मालिका आली. निर्माता ग्रॅहम रोलंड चिकसॉ जमातीचा, लेखकांची खोली मूलनिवासींची, लीपहॉर्न लाकोटा वंशाचा झान मॅक्लारनन. स्टुडिओसुद्धा टेसुके पुएब्लो या जमातीने आपला बंद झालेला कॅसिनो बदलून उभा केलेला. म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढचे आणि मागचे पैसे बऱ्याच प्रमाणात त्यांच्यात गेले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रतिनिधित्व म्हणजे नुसते चेहरे मोजणं झालं आहे, भाड्याची पावती कुणाच्या नावाने फाटली हे कुणी विचारत नाही.

तरीही एक गोष्ट राहिलीच. तिन्ही रूपांतरांत लीपहॉर्न आणि ची कुणा नावाहो नटाने केलेला नाही. चेरोकी आहे, लाकोटा आहे, हुआलापाय आहे, कॅनडातला सोटो आहे. बाहेरच्याला ते 'सगळे मूलनिवासीच'. पण नावाहो प्रेक्षकाने पहिल्याच सीझनला कान टवकारले, कारण नट बोलत होते ती नावाहो भाषा कानाला लागत नव्हती. या भाषेत शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. एका क्रियापदात करणारा, केलेलं आणि वस्तूचा आकारही भरलेला असतो. १९४२ मध्ये २९ नावाहो तरुणांनी तिच्यावर रचलेला सांकेतिक कोश जपान्यांना युद्ध संपेपर्यंत फुटला नाही. ती काही आठवड्यांत कानाने पाठ करून बोलायची म्हणजे काय होणार? लोक हसले, चिडले, आणि मालिकेने पुढच्या सीझनला भाषेच्या आणि रीतींच्या जाणकारांचं काम वाढवलं.

या तक्रारीला बारीक कीस काढणं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते. मराठी मालिकेत अंधेरीचा मुलगा 'खयसून इलंस' म्हणायला लागला की आमच्या घरात काय होतं ते येऊन बघा. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात आक्षेप घेतले गेले, की ही मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते. माझे काका त्यातलेच. रोज शिव्या घालायचे आणि रोज साडेदहाला टीव्हीसमोर असायचे. पुढे चित्रीकरण झालेला आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरून माणसं यायला लागली. काकांनी तोही नेऊन दाखवला आम्हाला. राग आणि रस एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात, हे मला समाजशास्त्राआधी काकांनी शिकवलं. म्हणून नावाहो प्रेक्षक 'डार्क विंड्स'वर टीका करतो आणि पुढचा सीझन कधी येतो तेही विचारतो, यात मला विसंगती दिसत नाही.

मालिकेत मला आधी न आवडलेली आणि मग विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. पुस्तकातल्या लीपहॉर्नला मूलबाळ नाही. मालिकेत त्याचा तरुण मुलगा एका स्फोटात गेलेला आहे, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याला जबाबदार असलेला धनाढ्य गोरा कायद्यातून निसटतो. लीपहॉर्न त्याला रात्री गाडीत घालून बर्फाळ माळावर नेतो आणि तिथे सोडून येतो. मी पडद्यासमोर ओरडले होते, "हा आपला लीपहॉर्न नाही!" आपला! एवढा माझा कुठून झाला तो?

नंतर वाटलं, हिलरमनचा लीपहॉर्न इतका शांत, इतका समजूतदार का आहे? पाहुण्याने यजमानाचं वर्णन करावं तसं ते आहे. पाहुणा घरातल्यांच्या संतापाबद्दल लिहीत नाही, ते सभ्यपणाचं नसतं. घरचा माणूस लिहू शकतो. पहिल्याच सीझनमध्ये मालिकेने सरकारी दवाखान्यांत बायकांची त्यांना नीट न सांगता नसबंदी झाल्याचं आणलं. अमेरिकन सरकारच्याच लेखातपासणी कार्यालयाने १९७६ मध्ये नोंदवलं आहे की इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या बारांपैकी चार विभागांत १९७३ ते १९७६ मध्ये ३,४०६ नसबंद्या झाल्या. सत्तरच्या दशकात लिहिणाऱ्या हिलरमनच्या कादंबऱ्यांत हे नाही. मालिकेच्या लेखकांच्या आज्या-मावश्यांच्या पिढीतलं मात्र हे आहे. त्या खोलीतून बर्फात माणूस सोडून येणारा लीपहॉर्न निघाला, तर मला तो आवडला नाही तरी चुकीचा म्हणता येत नाही. शिवाय तिसऱ्या सीझनमध्ये ते कृत्य त्याला फाडून खातं. घर, बायको, झोप, सगळं जातं. त्याने मोडलं आणि तोच फेडतोय.

तेच मी लेखिका रमोना इमर्सनच्या बाबतीत म्हणेन. इमर्सन दिने आहे, न्यू मेक्सिकोतल्या टोहाचीची, आणि तिने गुन्ह्याच्या तपासासाठी चित्रण करण्याचं काम स्वतः केलेलं आहे. तिची 'शटर' ही कादंबरी २०२२ मध्येच आली आणि अमेरिकेतल्या नॅशनल बुक ॲवॉर्डच्या लांब यादीत गेली. नायिका पोलिसांसाठी प्रेतांचे फोटो काढते आणि तिला मेलेली माणसं दिसतात. न बघायचं, न बोलायचं असं जे जे आहे ते सगळं या मुलीच्या रोजच्या कामात येतं. पण तिला वाढवणारी आजी आहे, आजीची भीती आहे, आणि प्रत्येक क्लिकनंतर घरात काय आलं याची धास्ती आहे. हिलरमन आवडला असेल तर ही वाचायलाच हवी असं माझं मत आहे, आणि वाचली की हिलरमन थोडा फिका वाटतो हेही कबूल करते. थोडाच.

मैत्रिणीचं म्हणणं यावर असेल की मग मूळ घरच्यांचंच वाचावं, मधला माणूस कशाला? पण मला 'शटर'पर्यंत कुणी आणलं? वाट फोर्टातल्या त्या फुटपाथवरूनच गेली. माझी तक्रार तिथेच थांबणाऱ्यांबद्दल आहे, आणि वीस वर्षं मी स्वतः तिथे थांबले होते.

एक खरी घडलेली गोष्ट सांगून पुरे करते. मे १९९३ मध्ये याच प्रदेशात धडधाकट तरुण माणसं अचानक श्वास अडकून मरू लागली. मेलेल्यांत नावाहो होते, म्हणून वर्तमानपत्रांनी लगेच 'नावाहो फ्लू' असं नाव देऊन टाकलं. बातमीदार कॅमेरे घेऊन सुतकातल्या घरांवर गेले. दारं वाजवली. मेलेल्याचं नाव काय, वय काय, शेवटचं काय बोलला. मेल्यानंतरच्या चार दिवसांत ज्याचं नाव घेऊ नये त्याचंच नाव मागत होते ते. लोकांनी तोंडं मिटून घेतली, आणि त्या गप्प झालेल्या घरांतच तपासाला हवी ती माहिती होती. आज ती गाठ कशी सुटली ते आपल्याला माहीत आहे. जाणत्या वृद्धांशी नीट बोलणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की पाऊस-बर्फ जास्त झालं, पिन्यॉन या पाइन झाडाच्या बिया मुबलक आल्या, की उंदीर वाढतात आणि मग असा आजार येतो. पूर्वीही आला होता. प्रयोगशाळेत हंता जातीचा नवा विषाणू सापडला, डिअर माउस नावाच्या उंदरांतून पसरणारा. हिलरमनने पुढे 'द फर्स्ट ईगल'मध्ये (१९९८) प्लेगच्या पिसवांमागे लागलेले शास्त्रज्ञ आणले, त्यामागे हे वर्ष असावं असं मला नेहमी वाटतं.

विषाणूला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या प्रदेशाचं, मग तिथल्या एका दरीचं नाव सुचवलं गेलं. तिथल्या लोकांनी ते आपल्या भूमीला चिकटू दिलं नाही. शेवटी जे ठरलं ते आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. सिन नोम्ब्रे. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ, बिननावाचा.